बाल कल्याण समिती की बालहक्क आयोग: अर्ज नेमका कुणाकडे?

लहान मुलाच्या बाबतीत काही वावगं दिसलं की आपल्याकडे कुणीतरी अर्ज लिहायला बसतंच. घोळ होतो तो 'प्रति' लिहिल्यानंतरच्या ओळीत. जिल्ह्याची बाल कल्याण समिती आणि महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोग ही नावं कानाला सारखीच वाटतात, मग एकाचा कागद दुसऱ्याकडे जातो. कोल्हापुरात त्यात आणखी एक भर पडते. मंगळवार पेठेतलं बालकल्याण संकुल सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे 'समिती' म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर तीच इमारत येते. संकुल ही मुलं सांभाळणारी संस्था आहे. मूल बालगृहात ठेवायचं की आईबापाच्या ताब्यात द्यायचं, हा आदेश काढते ती समिती.

ही समिती २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात असते. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत आणि महिन्यातून किमान २० दिवस तिनं बसायचं असतं. (कायदा मोडल्याचा आरोप असलेलं मूल बाल न्याय मंडळापुढे जातं, ते प्रकरण वेगळं.) आयोग २००५ च्या कायद्यानं आला. तो राज्याला एकच, मुंबईत; अध्यक्ष आणि सहा सदस्य, त्यात किमान दोन महिला. चौकशी करताना तो दिवाणी न्यायालयासारखा माणसं बोलावू शकतो, सरकारी कागद मागवू शकतो, शपथपत्र घेऊ शकतो. पण चौकशी संपली की त्याच्या हातात उरते ती शिफारस. समितीचा कागद आदेश असतो आणि तो पाळावा लागतो. समितीसमोर एक मूल असतं, आयोगासमोर एक विषय.

ऊसतोडीचा हंगाम घ्या. नोव्हेंबरात शिरोळ-हातकणंगल्याच्या शिवारात बीडकडच्या टोळ्या उतरतात. भल्या पहाटे कोयते फडात गेले की तळावरच्या कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, उरतात तान्ही पोरं आणि त्यांना राखायला आठ-नऊ वर्षांची बहीण. चूल विझलेली असतेच असं नाही. इथं दोन्ही दारं लागतात, पण वेगवेगळ्या कारणांसाठी.

समजा, यातलं एक मूल भाजलं आणि त्याला कुणी दवाखान्यात नेलं नाही, किंवा एखादं पोर स्टँडवर एकटंच सापडलं. तेव्हा अर्ज लिहीत बसू नका. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ ला फोन लावा. पोलीस, डॉक्टर, नर्स, सामाजिक कार्यकर्ता, साधा नागरिक, कुणीही मुलाला समितीपुढे हजर करू शकतं; मूल स्वतःही जाऊ शकतं. मुदत २४ तासांची, प्रवासाचा वेळ सोडून. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढे हजर केलं तरी चालतं. म्हणून 'आज सुट्टी आहे' हे उत्तर मानू नका. मात्र प्रकरण निकाली काढताना किमान तीन सदस्य हवेत. सापडलेलं मूल दया येऊन परस्पर घरी ठेवून घेणं हा नेहमी होणारा घोटाळा. पालकांपासून तुटलेलं मूल सापडल्याची खबर २४ तासांत न देणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पुढं १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल आणि पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश, असा कायद्याचा हिशेब आहे. 'समिती पोर काढून घेते' या भीतीनं कोप्यांवर माणसं तोंड उघडत नाहीत. कायद्यात संस्था हा शेवटचा उपाय आहे. आईबाप धड असतील तर मूल त्यांच्याकडेच राहतं आणि अडचण पैशाची असेल तर प्रायोजकत्व (मुलाच्या खर्चासाठी कुटुंबाला मदत) किंवा राज्याची बालसंगोपन योजना पाहिली जाते. त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात कागद द्यावे लागतात. आदेश पटला नाही तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करायचं. प्रतिपालन (मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं) आणि प्रायोजकत्वाच्या आदेशांवरचं अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे. समितीच्या कामकाजाबद्दलची तक्रारही जिल्हाधिकारीच ऐकतात. आयोग हे समितीचं वरचं कोर्ट नव्हे. तिथं 'अपील' पाठवलेल्यांचे ३० दिवस टपालातच सरतात.

आता दुसरी बाजू. त्या तळावरची सगळीच मुलं हंगामभर शाळेबाहेर असतील, तर समिती काय करणार? ती एकेका मुलाची दखल घेईल, तीन सदस्यांचं एकमत झालं तर आपणहून घेईल. पण 'सगळ्या कारखान्यांनी साखरशाळा (ऊसतोड्यांच्या मुलांसाठी हंगामी शाळा) चालवाव्यात' असा आदेश ती काढू शकत नाही. हे काम आयोगाचं. बाल न्याय कायदा, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा, तिन्हींच्या अंमलबजावणीवर त्यानं नजर ठेवायची असते.

शाळेच्या बाबतीत मधली एक पायरी लोक हमखास चुकवतात. मुख्याध्यापकांनी 'दाखला आणा, मग बघू' म्हणून परत पाठवलं, तर ते मुळातच चूक आहे; दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. पण तक्रार आधी लेखी द्यायची ती स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे गावात जिल्हा परिषद, शहरात महापालिका. त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा आणि तो पटला नाही तर अपील आयोगाकडे. इथं एका मुलाचं प्रकरणही आयोगापर्यंत जातं. अडचण अशी की डिसेंबरातल्या तक्रारीचा निकाल मार्चात लागतो आणि तोवर टोळी गावी परतलेली असते. म्हणून सगळ्या मुलांसाठीचा, धोरणाचा अर्ज आयोगाकडे ऑगस्ट-सप्टेंबरात गेलेला बरा, गाळप परवान्यांची तयारी चाललेली असते तेव्हा.

त्या अर्जात काय हवं? कुठला तळ, किती कोप्या, सहा ते चौदा वयाची मुलं किती, जवळची शाळा किती अंतरावर, मागच्या हंगामात कुणाला काय लिहिलं होतं आणि त्याचा आवक क्रमांक. मुलांची मोजणी दोन वेगवेगळ्या तारखांना करा, कारण टोळ्या फड बदलतात आणि एकाच दिवसाचा आकडा खोडून काढणं सोपं असतं. सगळ्यात महत्त्वाची ती मागणी. 'योग्य ती कारवाई व्हावी' या ओळीवर 'संबंधितांना कळवावे' एवढाच शेरा पडतो. त्यापेक्षा 'साखर आयुक्तांनी गाळप परवान्यासोबत तळावरच्या मुलांची वयानुसार यादी बंधनकारक करावी' असं लिहा. कुणी, काय, कधी हे त्यात येतं. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. धोरण असं बोटावर मोजता आलं पाहिजे.

समितीचे जुने आदेश आयोगाच्या अर्जाला जोडले तर वजन येतं, कारण पाच वेगवेगळ्या मुलांच्या प्रकरणांत एकच कारण निघालं की तो योगायोग राहत नाही. जोडताना नाव, गाव, शाळा, फोटो सगळं काळं करा. मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे, आणि त्यातून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सुटत नाही. एखादं प्रकरण कोर्टात चालू असेल तर ते आयोगाच्या अर्जात घुसवू नका. त्या एका परिच्छेदापायी अख्खा अर्ज बाजूला पडतो. निनावी आणि मोघम अर्जांचंही तेच होतं.

शिफारस झाली म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. आयोगाचा अहवाल विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो. सोबत सरकारनं काय केलं आणि जी शिफारस मानली नाही ती का मानली नाही, हेही द्यावं लागतं. आपल्या आमदारांना तारांकित प्रश्नासाठी हाच धागा द्यायचा: अमुक शिफारस, अमुक तारीख, कार्यवाही काय? एवढं करूनही हाललं नाही तर उच्च न्यायालय. आयोग स्वतः तिथं जाऊ शकतो, नागरिकही जनहित याचिका करू शकतात आणि ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. आवक क्रमांकांची फाईल नीट ठेवली असेल तर वकिलाचं निम्मं काम तिथंच झालेलं असतं.