सिंगल-युजर मोडमधल्या शेलला वारसा कुठून मिळतो?

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीचा हिशेब फ्रीबीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मशीनवर चालायचा. पावसाळ्यात एकदा लाईट गेली, यूपीएसनंही मान टाकली. लाईट आल्यावर मशीन मध्येच सिंगल-युजर मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीपुरत्या एकट्या माणसासाठीच्या अवस्थेत, अडून बसलं: फाइलसिस्टिम हातानं तपासा. मशीनला स्क्रीन नव्हताच, माझा लॅपटॉप सिरियल केबलनं जोडलेला. शेल म्हणजे आपण टाइप केलेले हुकूम चालवणारा प्रोग्रॅम; ‘शेल कोणता?’ या प्रश्नावर नुसतं एंटर दाबलं. तपासणी उरकली, डिस्क माउंट केल्या आणि व्हीआय हा एडिटर उघडायच्या आधी रूट (मशीनचा सर्वाधिकारी युजर) म्हणून रोज टाइप करायचो तेच केलं: ‘सेटएन्व्ह टर्म व्हीटी१००’, म्हणजे समोरचं टर्मिनल व्हीटी१०० जातीचं आहे असं सांगणं. उत्तर आलं, ‘नॉट फाउंड’. शेजारी उभा मित्र म्हणाला, “भावा, काल तर चालत हुतं की रं!”

काल चालत होतं ते सी शेलमध्ये. एंटर दाबून मिळाला होता साधा ‘एसएच’. हा घोळ सत्तरच्या दशकातला आहे.

सिंगल-युजर मोड एन्व्हायर्नमेंटपेक्षा (प्रोग्रॅमला मिळणाऱ्या ‘नाव=मूल्य’ नोंदींपेक्षा) जुना. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये पीडीपी-११ या संगणकाच्या पुढच्या पॅनेलवरचे स्विच १७३०३० या अष्टमान आकड्यावर लावले की ‘इनिट’ हा सुरुवातीचा पहिला प्रोग्रॅम बाकी काही न करता कन्सोलवर (मुख्य टर्मिनलवर) थेट शेल द्यायचा. नावानिशी मूल्यं एका प्रोसेसकडून (चालू प्रोग्रॅमकडून) दुसरीकडे सोपवायची सोय तेव्हा नव्हतीच. ती आली १९७९ च्या सातव्या आवृत्तीत, स्टीफन बॉर्न यांच्या शेलसोबत. त्यात आधी मूल्य द्यायचं, मग ‘एक्स्पोर्ट’ म्हणायचं. एक्स्पोर्ट विसरलात तर मूल्य त्या शेलपुरतंच राहतं, त्यातून सुरू केलेल्या व्हीआयला त्याचा पत्ता नसतो. त्याच सुमारास बर्कलीत बिल जॉय यांनी सी शेल लिहिला. त्यात ‘सेट’ घरापुरतं आणि ‘सेटएन्व्ह’ पोरांनाही, म्हणजे त्या शेलमधून सुरू केलेल्या प्रोग्रॅमनाही. बॉर्नपेक्षा हे वाचायला सोपं, असं माझं मत. पण बूटच्या (मशीन सुरू होतानाच्या) स्क्रिप्ट बॉर्नच्याच भाषेत राहिल्या आणि अडचणीच्या वेळी तोच शेल समोर येतो.

मुळात एन्व्हायर्नमेंट हा वारसा आहे, बापाकडून पोराकडे. एरवी ‘लॉगिन’ हा प्रोग्रॅम होम (युजरचं स्वतःचं फोल्डर), टर्म वगैरे भरून देतो. सिंगल-युजरमध्ये मधली ती पिढीच गाळलेली असते, शेल थेट इनिटच्या पोटचा. म्हणून फ्रीबीएसडीत ‘/’ या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्येच एक ‘.प्रोफाइल’, म्हणजे शेल सुरू होताना वाचतो ती फाइल, ठेवलेली असे. होमचा पत्ता नसलेल्या शेलला ती सापडे. पण तिच्यातलं टर्म मशीनच्या स्वतःच्या स्क्रीनसाठीचं, माझ्या केबलपलीकडच्या लॅपटॉपचं नव्हे. लिनक्सचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तर इनिटच्या हातावर दोनच गोष्टी ठेवतं: होम म्हणजे ‘/’ आणि टर्म म्हणजे ‘लिनक्स’. बूटच्या ओळीत कर्नलला न कळणारं ‘नाव=मूल्य’ लिहिलं तर तेही ते इनिटच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये टाकतं. ही वाट फार थोड्यांना ठाऊक असते.

फ्रीबीएसडीनं रूटचा नेहमीचा शेल सीवरून ‘एसएच’वर नेला तो २०२३ मध्ये, चौदाव्या आवृत्तीत. आमच्या मशीनला ते फार उशिराचं.

त्या दिवशी ‘टर्म=व्हीटी१००; एक्स्पोर्ट टर्म’ लिहिलं आणि व्हीआय सरळ उघडला. चूक दुरुस्त करून कंट्रोल-डी दाबलं, मशीन मल्टी-युजरला गेलं. पुन्हा लॉगिन केलं तर ते व्हीटी१०० गायब. ज्या शेलला दिलं होतं, तो शेलच संपला होता.