पुढे वाकलेल्या पाठीवरचा हात

पश्चिमोत्तानासनात वाकलेल्या माणसाच्या पाठीवर प्रशिक्षक जवळजवळ ओणवा झाला आहे, खालच्याचा चेहरा लालबुंद, आणि कपाळ गुडघ्याला टेकताच सगळा वर्ग टाळ्या वाजवतो. अशा चित्रफिती मोबाइलवर सतत फिरत असतात आणि त्यांचं कौतुकही भरपूर होतं. मागचा समज सरळ आहे: शरीर आखडलंय म्हणजे स्नायू आखूड आहेत, जोर लावला की ते लांब होतील.

विचारल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये, असा नियम बऱ्याच योगवर्गांत असतो. लोकांना तो सभ्यतेपुरता वाटतो. माझ्या मते त्याचं मूळ मज्जारज्जूत आहे, आणि ते पाहायला थोडं स्नायूच्या आत शिरावं लागेल.

मांडीच्या मागचे स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, घ्या. त्यांच्या तंतूंमध्ये, त्यांना समांतर, काही मिलिमीटर लांबीच्या, मधे फुगीर आणि टोकांना निमुळत्या पिशव्या असतात. यांना मसल स्पिंडल म्हणतात. प्रत्येक पिशवीत काही अगदी बारीक स्नायुतंतू असतात आणि त्यांच्या मध्यभागाभोवती एका चेतातंतूचं टोक वेटोळं घालून बसलेलं असतं. स्नायू ताणला की वेटोळं उकलतं आणि मज्जारज्जूकडे संदेश धावतात, सेकंदाला ८० ते १२० मीटर वेगाने. आपल्या शरीरातल्या सर्वांत वेगवान तंतूंपैकी हे एक. स्नायू किती ताणला आणि किती वेगाने ताणला, अशा दोन्ही गोष्टी हे तंतू कळवतात, आणि वेगाच्या बाबतीत ते फारच हळवे असतात.

मज्जारज्जूत हा तंतू त्याच स्नायूला आज्ञा देणाऱ्या चेतापेशीला थेट भिडतो. मधे कोणी नाही, मेंदूला विचारणं नाही. ताण आला, आकुंचन झालं. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारतात तेव्हा हेच घडतं: मांडीच्या पुढचा स्नायू क्षणभर किंचित ताणला जातो आणि २० ते ३० मिलिसेकंदांत त्याला आकुंचनाचा हुकूम मिळालेला असतो. एडवर्ड लिडेल आणि चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९२४ मध्ये या प्रतिक्षिप्त क्रियेचं सविस्तर वर्णन केलं. चेतापेशींवरच्या एकूण कामासाठी शेरिंग्टन यांना १९३२ मध्ये एडगर एड्रियन यांच्यासह नोबेल मिळालं.

आता माझा आवडता भाग. स्नायू आकुंचन पावला की समांतर बसलेलं स्पिंडल ढिलं पडायला हवं, आणि ढिलं पडलं की ते गप्प होणार. तसं होत नाही, कारण स्पिंडलच्या आतल्या बारीक तंतूंना स्वतःच्या वेगळ्या चेतापेशी आहेत, गॅमा नावाच्या. मुख्य स्नायूला आज्ञा देणाऱ्या त्या अल्फा. मेंदू हालचालीचा हुकूम देतो तेव्हा साधारणपणे दोन्ही एकदम चालू होतात. गॅमा स्पिंडलची टोकं आवळते, तंबोऱ्याची तार उतरली की खुंटी पिळून ती पुन्हा सुरात आणावी तशी, आणि स्पिंडल नव्या लांबीलाही तितकंच जागं राहतं. यातही दोन प्रकार आहेत: एक गॅमा वेगाची संवेदनशीलता वाढवते, दुसरी लांबीची. म्हणजे कुठल्या ताणाला किती जोरात उत्तर द्यायचं हे मेंदू वरून कमी-जास्त करू शकतो. दचकलेल्या, घाबरलेल्या किंवा थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाचे स्नायू आधीच ताठ असतात आणि गुडघ्याचा झटकाही जोरदार येतो. डोळे मिटून पडलेल्या माणसाला मागून येऊन अचानक हात लावू नये, याचं एक कारण हे.

पण इथे थोडं थांबायला हवं, कारण बरेच योगशिक्षक हेच स्पिंडल सगळ्या गोष्टींना लावतात. सावकाश, मिनिटभर घेतलेल्या ताणात ही प्रतिक्षिप्त क्रिया जवळजवळ झोपलेलीच असते. स्नायूला इलेक्ट्रोड लावून पाहिलं तर तो बऱ्यापैकी शांत दिसतो. तसंच, ‘तीस सेकंद धरलं की स्नायुबंधातलं गोल्गी इंद्रिय जागं होतं आणि स्नायू आपोआप सैल सोडतो’ हेही वाक्य सर्रास ऐकू येतं. स्नायुबंध म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर. त्यातलं हे गोल्गी इंद्रिय मुख्यतः स्नायूच्या स्वतःच्या आकुंचनाने येणारा जोर मोजतं. बाहेरून सावकाश दिलेल्या ताणाची ते फारशी दखल घेत नाही.

मग सावकाश वाकताना अडवतं कोण? बराचसा मेंदूच. काही आठवडे रोज ताण देणाऱ्यांच्या मांड्या यंत्रावर मोजल्या तेव्हा असं दिसलं, की तेवढ्याच कोनाला स्नायूचा विरोध जवळपास पूर्वीइतकाच होता. वाढली होती ती ताण सहन करण्याची तयारी. ‘आता पुरे’ हा इशारा उशिरा येऊ लागला होता. भूल दिलेल्या माणसाचा पायही जागेपणीपेक्षा जास्त वर जातो, तेव्हा अडथळ्याचा मोठा वाटा संवेदनांचा आहे हे उघड आहे. वर्षानुवर्षांच्या सरावाने ऊतींमध्येही बदल होत असतील, पण पहिल्या दोनतीन महिन्यांत जी लवचीकता ‘आली’ असं वाटतं, तिचा मोठा भाग म्हणजे मेंदूने दिलेली सवलत.

आणि ही सवलत ज्याचं शरीर त्याच्याच मेंदूने द्यायची असते. स्वतः वाकताना दुखतं तिथे आपण थांबतो. खबर मिळणारा आणि जोर लावणारा एकच असतो. पाठीवर दुसऱ्याचा हात आला की खबर एकाला मिळते आणि जोर दुसरा लावतो. दाबणाऱ्याला हाताखालचा विरोध कळतो, पण नितंबाच्या हाडापाशी, जिथे हॅमस्ट्रिंगचा स्नायुबंध चिकटतो, तिथे होणारी टोचणी कळत नाही. त्यातून हात झटक्यात आला तर स्पिंडल वेग पाहून भडकतं, आणि लांब होत असलेला स्नायू त्याच क्षणी आवळू लागतो. स्नायूला इजा व्हायला याहून सोयीची परिस्थिती नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे दुखतं तेही अशा लांबत्या आकुंचनातल्या सूक्ष्म इजांमुळे. ‘लॅक्टिक अॅसिड साचलं’ म्हणतात ते खरं नाही, ते तास-दोन तासांत रक्तातून निघून गेलेलं असतं.

म्हणून शिक्षकाने आधी विचारावं, आणि तेही वर्ग सुरू होण्यापूर्वी, एकेकट्याला. सगळ्यांसमोर, अर्धवट वाकलेल्या अवस्थेत, ‘नको’ म्हणायला भल्याभल्यांची जीभ रेटत नाही. शेजाऱ्याला तर दाबण्याचा अधिकारच नाही, मग तो कितीही मायेने सांगत असो.

शेजाऱ्याकडे पाहून स्वतःला ताणू नये, हा दुसरा नियम. वर्गातली सर्वांत लवचीक व्यक्ती कदाचित मुळातच सैल सांध्यांची असेल. अंगठा वाकवून मनगटाकडच्या हाताला टेकतो का, कोपर उलटं वाकतं का, अशा नऊ गुणांच्या चाचणीवरून डॉक्टर याचा अंदाज घेतात; तिला बेटन मापन म्हणतात. अशा सांध्यांना ताण पुरेसा जाणवत नाही आणि भार स्नायूंऐवजी हाडाला हाड जोडणाऱ्या अस्थिबंधांवर पडतो. तिचं कौतुक करून तिला आणखी वाकवायला लावणं हा खरा धोका, आणि तिची नक्कल करणं हा दुसरा.

बाकीचे नियम थोडक्यात. उशिरा येऊन थेट अवघड आसनात शिरू नये, कारण थंड स्नायू जास्त ताठ असतो. भरल्या पोटी येऊ नये. पुढे वाकताना जठरावर दाब येऊन आम्ल वर चढतं. ताकद लावताना श्वास रोखून धरू नये, विशेषतः रक्तदाब असेल तर. आणि आजार लपवू नये. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो; काचबिंदू असलेल्याने ते करू नये, आणि त्याने सांगितलंच नाही तर शिक्षकाला कळणार कसं? ‘शीर्षासनाने मेंदूला जादा रक्त मिळून बुद्धी तल्लख होते’ हे मात्र सोडून द्या. मेंदू स्वतःच्या रक्तवाहिन्या आकसून-पसरून आपला पुरवठा बराच स्थिर राखतो. पिळाच्या आसनांनी यकृतातली ‘विषं’ पिळून निघतात, हेही त्याच जातीचं. यकृत म्हणजे ओला टॉवेल नव्हे. ते काम त्यातली विकरं करतात, तुम्ही सरळ बसलात तरी.

शेवटच्या शवासनातून गडबडीने उठून निघणारे दर वर्गात असतात. आडवं असताना पाय आणि हृदय एका पातळीवर असतात. उभं राहिल्यावर साधारण अर्धा लिटर ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या धमन्यांमधले दाबग्राही ते ओळखून हृदयाचे ठोके वाढवतात, रक्तवाहिन्या आकसवतात, पण त्याला काही सेकंद लागतात, आणि वय झालेल्यांना किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना जास्तच. कुशीवर वळून, हाताच्या आधाराने बसून, मग उभं राहिलं की तो वेळ मिळतो. कूस डावी की उजवी यावरून वाद घालणारे भेटतील. रक्तदाबाच्या दृष्टीने सर्वसाधारण माणसाला कुठलीही चालते. लवकर जायचंच असेल तर शिक्षकाला आधी सांगून दाराजवळ जागा घ्यावी आणि शवासन सुरू होण्यापूर्वीच बाहेर पडावं.