स्पेलमनच्या मुली आणि साठचं दशक

अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीच्या इतिहासात १९६० नंतर जॉर्जिया राज्यातल्या अटलांटामधल्या, कृष्णवर्णीय मुलींच्या एका छोट्या कॉलेजचं नाव वारंवार येतं: स्पेलमन. फक्त गोऱ्यांनाच बसू देणाऱ्या लंच काउंटरवर (दुकानांतल्या खाण्याच्या जागी) ठाण मांडणाऱ्या, तुरुंगात जाणाऱ्या कितीतरी मुली इथल्या होत्या. पण त्या ज्या वसतिगृहांतून बाहेर पडल्या तिथली रोजची शिस्त ठाऊक नसेल, तर त्यांनी किती मोठी झेप घेतली याचा अंदाजच येत नाही.

कॉलेजची सुरुवात १८८१ची. मॅसॅच्युसेट्सहून आलेल्या सोफिया पॅकर्ड आणि हॅरिएट जाइल्स या दोन गोऱ्या शिक्षिकांनी अटलांटाच्या फ्रेंडशिप बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात ११ विद्यार्थिनींना शिकवायला घेतलं. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम सोळा वर्षं झाली होती. पुढे तेलसम्राट जॉन रॉकफेलर यांनी पैसा दिला आणि १८८४मध्ये शाळेला त्यांच्या सासरवाडीचं, गुलामगिरीविरोधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पेलमन घराण्याचं नाव मिळालं.

धार्मिक वळण पहिल्यापासूनच होतं, आणि पन्नाशीच्या दशकाअखेरही ते सैल झालं नव्हतं. आठवड्यातून सहा वेळा चॅपलला, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनेला, हजेरी सक्तीची. वसतिगृहातून बाहेर जाताना नोंदवहीत सही, परत आल्यावर पुन्हा सही, आणि रात्री दहाच्या आत खोलीत. भेटायला येणाऱ्या मुलांवर करडी नजर. पहिल्या वर्षाच्या मुलींना तर रस्त्यापलीकडच्या अटलांटा युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयातही जायची परवानगी नव्हती, कारण तिथे मोअरहाउस कॉलेजचे मुलगे भेटण्याची शक्यता! शहरात जायचं तर देखरेखीखाली. पांढरे हातमोजे घालणारी, डौलात चालणारी, चहा नीट ओतणारी मुलगी म्हणजे स्पेलमनची मुलगी, अशीच तिची ख्याती होती.

याला निव्वळ जाच म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणं हा गोऱ्या समाजाचा नित्याचा उद्योग होता, आणि तिच्यावर हात टाकणाऱ्या गोऱ्याला शिक्षा होणं दुर्मीळ. आपल्या मुलीकडे बोट दाखवायला कुणाला जागाच ठेवायची नाही, हे कॉलेजचं उत्तर होतं. त्यामागची भीती खरी होती असं मला वाटतं. मात्र तिची किंमत मुलींनाच मोजावी लागली. कायदाही कॉलेजच्याच बाजूने होता. केंटकी राज्याच्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने १९१३मध्ये बेरिया कॉलेजच्या खटल्यात सांगून टाकलं होतं, की विद्यार्थ्यांच्या बाबतीत कॉलेज आईबापांच्या जागी असतं.

हॉवर्ड झिन १९५६मध्ये इतिहास विभागाचे प्रमुख म्हणून इथे आले. लवकरच त्यांच्या विद्यार्थिनी जॉर्जिया विधानसभेच्या सज्जात गोऱ्यांसाठी राखलेल्या जागांवर जाऊन बसल्या. मग अटलांटाच्या, गोऱ्यांपुरत्याच असलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे मोर्चा वळला. तिथे जाऊन लॉक आणि मिल या स्वातंत्र्यावर लिहिणाऱ्या तत्त्वज्ञांची पुस्तकं मागायची आणि नकार ऐकून परत यायचं, असं चाललं होतं. १९५९मध्ये ग्रंथालय सगळ्यांना खुलं झालं, तेव्हा स्पेलमनच्याच फ्रेंचच्या प्राध्यापिका आयरीन डॉब्स जॅक्सन यांना सदस्यत्वाचं कार्ड मिळालं.

१ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोत चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या लंच काउंटरवर बसले आणि ठिणगी अटलांटापर्यंत आली. इथल्या कृष्णवर्णीय कॉलेजांच्या अध्यक्षांनी विद्यार्थ्यांना सुचवलं, आधी तुमचं म्हणणं लेखी मांडा. ते लिहिण्याचं मुख्य काम केलं स्पेलमनच्या विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष रोझलिन पोप हिने. वर्षभर पॅरिसमध्ये शिकून ती नुकतीच परतली होती. जिथे कुठेही बसून कॉफी पिता येत होती अशा शहरातून येऊन पुन्हा ‘फक्त गोऱ्यांसाठी’च्या पाट्या वाचणं तिला असह्य झालं होतं. ‘मानवी हक्कांसाठी आवाहन’ ९ मार्चला वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात म्हणून छापून आलं, सहा संस्थांच्या विद्यार्थी प्रतिनिधींच्या सह्यांनिशी. शिक्षण, नोकऱ्या, घरं, मतदान, रुग्णालयं, पोलीस यांतला भेदभाव त्यात एकेक करून मांडला होता. गव्हर्नर अर्नेस्ट व्हँडिव्हर यांना तर हे जॉर्जियातल्या विद्यार्थ्यांनी लिहिलंय यावर विश्वासच बसेना.

सहा दिवसांनी सुमारे दोनशे विद्यार्थी सरकारी इमारती, रेल्वे आणि बस स्थानकांतल्या उपाहारगृहांत जाऊन बसले. ७७ जणांना अटक झाली. त्यांत स्पेलमनची मेरियन राइट होती. हीच पुढे मेरियन राइट एडलमन म्हणून मिसिसिपीत वकिलीची सनद मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. त्याच सुमारास वसतिगृहाच्या सूचनाफलकावर नोटीस लागली: पिकेटिंगला (दुकानांसमोरच्या निदर्शनांना) जाऊ शकणाऱ्या ‘यंग लेडीज’नी खाली सह्या कराव्यात. ऑक्टोबरमध्ये रिच्स या बड्या दुकानातल्या सत्याग्रहात विद्यार्थ्यांबरोबर मार्टिन ल्यूथर किंगही पकडले गेले. शहरातले लंच काउंटर खुले व्हायला १९६१चा सप्टेंबर उजाडला.

रूबी डोरिस स्मिथ त्याहून पुढे गेली. फेब्रुवारी १९६१मध्ये ती साउथ कॅरोलायनातल्या रॉक हिलला आंदोलनासाठी गेली, अटक झाल्यावर जामीन नाकारला आणि तीस दिवसांची शिक्षा भोगली. पुढे ती विद्यार्थ्यांच्या ‘स्निक’ या संघटनेची कार्यकारी सचिव झाली. १९६७मध्ये, वयाच्या अवघ्या २५व्या वर्षी, तिचं निधन झालं.

तुरुंग पाहून आलेल्या मुलीला रात्री दहाच्या सहीचा जाच वाटणारच. शहराला जाब विचारणाऱ्या मुली कॉलेजलाही विचारू लागल्या. ऑगस्ट १९६१मध्ये संघीय अपील न्यायालयाने डिक्सन खटल्यात निकाल दिला, की सरकारी कॉलेजला विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय त्याला काढता येणार नाही. हा खटलाही अलाबामातल्या लंच काउंटर आंदोलनातूनच उभा राहिला होता. पण स्पेलमन खासगी, त्यामुळे त्या निकालाचं संरक्षण इथल्या मुलींना नव्हतं. १९६३च्या वसंतात कॉलेजमधल्या स्वातंत्र्यावर खुली सभा झाली, झिन मुलींच्या पाठीशी उभे राहिले, आणि जूनमध्ये अध्यक्ष अल्बर्ट मॅनली यांनी त्यांना नोकरीवरून काढलं. मॅनली हे स्पेलमनचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. त्यांच्या खांद्यावर कॉलेजची अब्रू सांभाळण्याचं ओझं होतं हे मान्य करूनही, हा निर्णय मला चुकीचाच वाटतो. झिन यांची विद्यार्थिनी आणि पुढे लेखिका म्हणून गाजलेली अ‍ॅलिस वॉकर त्याच वर्षाअखेरीस स्पेलमन सोडून न्यूयॉर्कजवळच्या सेरा लॉरेन्स कॉलेजात गेली.

कृष्णवर्णीय मुलींसाठी काढलेल्या या कॉलेजला कृष्णवर्णीय स्त्री अध्यक्ष मिळाली ती १९८७मध्ये, जॉनेटा कोल यांच्या रूपाने.