श्टोल्परश्टाइन

श्टोल्परश्टाइन म्हणजे नाझी राजवटीत छळल्या व मारल्या गेलेल्या व्यक्तींच्या स्मरणार्थ, त्या व्यक्ती स्वेच्छेने जेथे शेवटच्या राहिल्या त्या घरासमोर पदपथात बसवलेले लहान स्मृतिदगड होत. या जर्मन शब्दाचा अर्थ ‘ठेच लागणारा दगड’ असा असला, तरी दगड फरशीच्या पातळीतच बसवत असल्याने त्याला अडखळून कोणी पडत नाही. सुमारे १० सेंमी. बाजूच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर पितळी पत्रा मढवलेला असतो. त्यावरील मजकूर बहुधा ‘येथे राहत होते’ असा सुरू होतो आणि पुढे नाव, जन्मवर्ष, हद्दपारीचे वर्ष, छावणी व ‘हत्या’ एवढेच येते. नाझींनी माणसे यांत्रिक पद्धतीने मारली, म्हणून येथे प्रत्येक अक्षर हातोडीने, हातानेच ठोकायचे असा दंडक आहे.

ही कल्पना कलाकार गुंटर डेमनिग यांची. पहिला दगड त्यांनी १६ डिसेंबर १९९२ रोजी कोलोन नगरभवनासमोर बसवला. सिंती व रोमा (युरोपातील भटक्या परंपरेच्या जमाती) लोकांना आउशवित्झच्या मृत्युछावणीत पाठवण्याच्या नाझी पोलीसप्रमुख हिमलरच्या आदेशाला त्या दिवशी ५० वर्षे झाली होती. बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागात १९९६ मध्ये बसवलेले दगड विनापरवाना होते. त्यांना मान्यता मागाहून मिळाली. आज बहुसंख्य दगड ज्यूंच्या नावाचे असून रोमा, समलिंगी, अपंग व राजकीय विरोधक यांचेही आहेत. १,००,००० वा दगड मे २०२३ मध्ये न्यूर्नबर्ग येथे बसला. कुटुंबातील जे पळून वाचले त्यांचेही दगड शेजारी बसवतात, म्हणजे ताटातूट झालेले घर निदान पदपथावर तरी एकत्र येते. आईवडिलांच्या दगडावर ‘हत्या’ आणि लगतच्या मुलीच्या दगडावर ‘१९३९, इंग्लंड’ असे वाचताना अधिक काही सांगावे लागत नाही.

म्यूनिक शहराने मात्र सार्वजनिक जागेत हे दगड बसवण्यास २००४ मध्ये नकार दिला व २०१५ मध्ये तो कायम केला. तेथील ज्यू समाजाच्या अध्यक्षा शार्लोटे क्नोब्लोख यांचा आक्षेप असा, की ज्यांना जिवंतपणी तुडवले त्यांची नावे पुन्हा पायदळी येऊ नयेत. नाव वाचायला मान झुकवावीच लागते, असे समर्थक म्हणतात. दोन्ही बाजूंचा मुद्दा दगडाच्या जागेशीच येऊन थांबत असल्याने हा वाद सहज मिटणारा नाही. २०१८ पासून म्यूनिकमध्ये भिंतीवरील फलक व स्तंभ उभारले जातात.

पितळ हवेने काळवंडते. ९ नोव्हेंबर (१९३८ मधील ज्यूविरोधी हिंसाचाराचा दिवस) व २७ जानेवारी (आउशवित्झच्या मुक्ततेचा दिवस) या स्मृतिदिनांच्या सुमारास शेजारीपाजारी व शाळकरी मुले गुडघे टेकून हे दगड घासतात, बाजूला मेणबत्ती किंवा फूल ठेवतात.