पार्श्वभूमी : वलगणीचे मासे आणि नियमांबाहेरचे भातखाचर

मृगाच्या मोठ्या पावसात ओढ्याला लोंढा आला की गाभोळीने फुगलेले मासे पाण्याच्या धारेविरुद्ध चढू लागतात. रायगड-ठाण्याकडे ही वलगण, तळकोकणात चढण. त्या रात्री पाग (फेकायचे जाळे) घेऊन कोण कोण धावते, हे वेगळे सांगायला नको. मासे मात्र अंडी घालायला निघालेले असतात ते काठच्या सखल, पाण्याखाली गेलेल्या जमिनीकडे. घोटाभर पाणी लवकर तापते, कुजलेल्या गवतावर सूक्ष्म जीव माजतात आणि नदीतले मोठे शिकारी मासे सहसा तिथवर येत नाहीत. मरळीच्या लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर तरंगतो, तेव्हा खाली आई-बाप राखण करत असतात. पाऊस ओसरताना वाढलेली पिल्ले उतरत्या पाण्याबरोबर नदीला लागतात.

इंग्रजी अमदानीतल्या १८९७ च्या कायद्याने सुरुंग लावून आणि विष घालून मासे मारायला बंदी केली. पिल्ले वाढतात कुठे, हा प्रश्न त्या दोन बंद्यांत नव्हता. पुढे धरणे झाली, खाचरांत कीटकनाशके आली.

खरा घोळ २०१० चा. पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९८२ पासून आहे आणि त्या कराराच्या वर्गवारीत भातशेतीही बसते. आपल्या २०१० च्या पाणथळ संवर्धनाच्या नियमांनी मात्र नदीचे मुख्य पात्र आणि भातखाचरे दोन्ही वगळली. २०१७ च्या नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि सिंचनाची बांधकामेही बाहेर काढली, आणि ओरड झाली ती त्यावर. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागा राखायला सांगितले. काही गुंठ्यांचे खाचर त्या मापातही बसत नव्हते. (गंमत म्हणजे आंतरराष्ट्रीय यादीत गेल्याचे २०२० मध्ये जाहीर झालेले राज्यातले पहिले पाणथळ, नांदूर मधमेश्वर, सिंचनाच्या बंधाऱ्यामागेच तयार झालेले आहे.)

खाचरे वगळण्यामागचे कारण खोटे नाही. स्वतःच्या वावरात बांध घालायलाही परवानगी लागली असती तर शेतकरी पेटून उठला असता, आणि ते रास्तच होते. पण शेताला हात न लावता ओढा आणि खाचर यांच्यातली वाट तेवढी मोकळी ठेवता आली असती. नियमांनी पात्र सोडले, शेत सोडले आणि त्यांना जोडणारी वाट आपोआप सुटली. नदीकाठच्या उद्योगांवर बंधने घालणारे राज्याचे नदी नियमन क्षेत्राचे धोरणही २०१५ मध्ये रद्द झाले. उरल्या निळ्या आणि लाल पूररेषा, पण त्या बांधकामापुरत्या. पनवेल-कल्याणकडे खाचरांवर भराव पडला, की ओढा सिमेंटच्या नळातून जातो आणि जूनमध्ये चढलेला मासा त्या नळाच्या तोंडाशीच धरला जातो. समुद्रात मात्र १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, आणि त्यामागचे एक मोठे कारण मासे विणीला आलेले असतात हेच.