रॉकेट दूरमापन (जीपीएस व रेडिओ)

उडत्या रॉकेटाचे स्थान, उंची, त्वरण, विजेरीचा विद्युत् दाब इत्यादी मापे रेडिओ तरंगांवाटे जमिनीवरील ग्राहीकडे पाठविण्याचे तंत्र. हौशी व विद्यार्थी-रॉकेटांत हे काम उड्डाण संगणक करतो. त्याच्या सूक्ष्मनियंत्रकात (मायक्रोकंट्रोलर) भरलेली आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. मोठ्या प्रक्षेपकांचे दूरमापन निराळे असल्याने येथे त्याचा विचार केलेला नाही.

उगम : रेडिओ दूरमापन रॉकेटाआधी फुग्यांत रुळले. फुग्यासोबत वर जाऊन हवेची मापे रेडिओने पाठविणाऱ्या उपकरणास रेडिओसाँड म्हणतात. पहिल्या रेडिओसाँडचा मान कोणाचा, याबाबत मतभेद आहेत. फ्रान्समध्ये रॉबेअर ब्यूरो यांनी ७ जानेवारी १९२९ रोजी, तर सोव्हिएट रशियात पाव्हेल मोल्चानव्ह यांनी ३० जानेवारी १९३० रोजी असे उपकरण सोडले. रशियन परंपरा मोल्चानव्ह यांना अग्रमान देते. तारखा पाहता ब्यूरो यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो, शिवाय ‘रेडिओसाँड’ हे नावही त्यांचेच. तथापि मोल्चानव्ह यांचे उपकरण रचनेने साधे होते व मापे मोर्स संकेतांत पाठवीत असल्याने त्याचाच प्रसार अधिक झाला. रॉबर्ट गॉडर्ड यांनी १७ जुलै १९२९ रोजी उडविलेल्या रॉकेटात वायुदाबमापक, तापमापक व कॅमेरा होता, पण रेडिओ नव्हता. मापे हवी तर रॉकेट शोधून आणणे भाग होते.

जीपीएस ग्राही : उपग्रह सुमारे २०,२०० किमी. उंचीवरून १५७५.४२ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेवर संकेत पाठवितात. रॉकेट उपग्रहाच्या दिशेने सेकंदाला १ किमी. वेगाने जात असेल, तर डॉप्लर परिणामाने (गतीमुळे कंप्रता बदललेली भासणे) ही कंप्रता सुमारे ५.२५ किलोहर्ट्‌झने सरकते. जमिनीवर स्थिर असलेल्या ग्राहीला उपग्रहांच्या गतीमुळे जेवढा सरक शोधावा लागतो, जवळजवळ तेवढीच ही भर. ती काही सेकंदांत पडत असल्याने संकेताची पकड सुटते.

यात निर्यात-नियंत्रणाच्या मर्यादेची भर पडते. १८ किमी. उंची व सेकंदाला ५१५ मी. (१,००० नॉट) वेग या मर्यादेला आजही ‘कोकॉम मर्यादा’ म्हणतात. वास्तविक कोकॉम ही शीतयुद्धकालीन पाश्चात्त्य गटाची निर्यात-नियंत्रण समिती १९९४ मध्येच विसर्जित झाली. १९८७ च्या क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेत सेकंदाला ६०० मी. हा आकडा येतो. घोळ होतो तो ‘आणि’ की ‘किंवा’ यावर. काही उत्पादक दोन्ही मर्यादा ओलांडल्यावरच ग्राही मूक करतात, काही कोणतीही एक ओलांडताच. दुसऱ्या अर्थाने पाहिले तर संथ चढणारा हवामानाचा फुगाही १८ किमी.वर आंधळा होतो. रोख क्षेपणास्त्रांवर असल्याने ‘आणि’ हा अर्थ अधिक सयुक्तिक दिसतो, पण विकत घेतलेल्या ग्राहीत कोणता अर्थ उतरला आहे हे त्याच्या माहितीपत्रकातूनच पाहावे लागते.

प्रत्यक्षात विद्यार्थी-रॉकेटे याहून साध्या गोष्टीवर अडतात. यू-ब्लॉक्स या कंपनीच्या एम-८ पिढीच्या ग्राहीत मूळची ‘पोर्टेबल’ गतिप्रणाली (ग्राही कसा हलेल याचे गृहीतक) १२ किमी. उंची व सेकंदाला ३१० मी. वेग गृहीत धरते. ‘एअरबोर्न’ प्रणालीत उंचीची मर्यादा ५० किमी. होते. हा बदल वीज जाताच पुसला जाऊ शकतो. म्हणून फर्मवेअरने दर वेळी चालू होताच या बदलाची आज्ञा ग्राहीला पाठवून पोच तपासावी. एअरबोर्नमधील सर्वांत मोकळी निवडही ४ जी (गुरुत्वत्वरणाच्या चौपट) त्वरणापुरतीच आहे आणि इंजिन जळत असताना रॉकेट ते सहज ओलांडते. त्यामुळे शिरोबिंदू (उड्डाणातील सर्वोच्च बिंदू) ओळखून हवाई छत्री उघडण्याचा निर्णय जीपीएसवर सोपवीत नाहीत. तो वायुदाबमापक व त्वरणमापक यांच्या मापांवर घेतात.

मापांची नोंद : जीपीएस ग्राही मापे एनएमईए या ठरावीक साच्याच्या मजकुरात देतो. त्या वाक्यांत अक्षांश अंश व मिनिटे जोडून येतो. पुण्याजवळचा १८३१.२ म्हणजे १८ अंश ३१.२ मिनिटे, अर्थात १८.५२ अंश. तो १८.३१२ असा वाचला तर रॉकेट २३ किमी. दूर शोधावे लागेल. ३२ बिटांच्या अपूर्णांकी संख्येत पुण्याच्या रेखांशाची पायरी (लगतच्या दोन नोंदींतील अंतर) सुमारे ०.८ मी. पडते. त्याऐवजी अंशाचा एक-कोटीवा भाग एकक धरून पूर्णांक ठेवल्यास ती सुमारे एक सेंमी. होते, आणि जागा तेवढीच लागते.

रेडिओ : लोरा या कमी शक्तीत दूरवर संकेत पाठविणाऱ्या रेडिओ पद्धतीत पल्ला वाढवावा तसा वेळ जास्त लागतो. १२५ किलोहर्ट्‌झ पट्टरुंदीवर ३२ बाइटांचे पॅकेट प्रसरण गुणक (हा वाढवला की पल्ला व वेळ दोन्ही वाढतात) ७ असताना सुमारे ७२ मिलिसेकंदांत जाते, १२ असताना सुमारे १.८ सेकंद लागतात. सेकंदाला ३०० मी. वेगाचे रॉकेट तेवढ्यात अर्धा किमी. पुढे जाते. भारतात ८६५–८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा ठरावीक शक्तिमर्यादेत विनापरवाना वापरता येतो. कार्बन तंतूंचे नळकांडे रेडिओ तरंग अडविते. त्यामुळे आकाशकाभोवतीचा (अँटेना) भाग काचतंतूंचा करतात.

रॉकेट जमिनीवर पडले की आकाशक गवताच्या उंचीवर येतो आणि पल्ला एकदम घटतो. शोधपथकाच्या हाती बहुधा उतरतानाचे शेवटचे पॅकेटच असते. म्हणून प्रत्येक पॅकेटात अक्षांश-रेखांश पूर्ण पाठवितात, आधीच्या पॅकेटातील फरक नव्हे. जमिनीवरचा ग्राही शेवटचे वैध स्थान वेगळे राखून ठेवतो. उतरल्यावर विजेरी टिकावी म्हणून फर्मवेअर पॅकेटे कमी वेळा पाठविते.