हिवाळ्यात उभ्या गाडीची बॅटरी सांभाळणे

कॅनडा, जर्मनी, स्वीडन असल्या बर्फाच्या देशात बरेच लोक हौसेची गाडी किंवा बाइक हिवाळ्यात चार-पाच महिने झाकून ठेवतात, त्या काळात बॅटरी मरू नये म्हणून जे काय करतात त्याबद्दलची ही नोंद. जर्मनीत तर यासाठी सीझनची वेगळी नंबरप्लेट मिळते, १९९७ पासून, प्लेटवर उजवीकडे महिने छापलेले असतात, म्हणजे ०४ आणि १० असेल तर एप्रिल ते ऑक्टोबरच गाडी चालवायची, बाकीचे महिने ती रस्त्यावर नुसती उभी सुद्धा करता येत नाही.

लोकांना वाटतं थंडी बॅटरी खाते. खरं तर उभ्या गाडीची बॅटरी थंडीने कमी आणि रिकामी राहिल्याने जास्त मरते. लेड-ॲसिड बॅटरी, म्हणजे शिशाच्या प्लेटा आणि ॲसिडची गाडीतली नेहमीची बॅटरी, आपोआप थोडी थोडी उतरतेच, पण थंडीत हे उतरणं उलट मंदावतं. खरा चोर गाडीतच असतो, अलार्म, सेंट्रल लॉक, कॉम्प्युटर हे सगळं बंद गाडीतही करंट ओढत राहतं. समजा ५० मिलिॲम्पियर ओढतंय, तर महिन्याला ३६ ॲम्पियर-तास गेले, आणि बॅटरी असते ६० ची! मग उतरलेल्या बॅटरीत प्लेटांवर सल्फेट धरतं, जास्त दिवस तसंच राहिलं की ते कडक होतं आणि चार्ज करूनही पुरतं जात नाही. त्यात ॲसिड पातळ होऊन जवळजवळ पाणीच उरतं, ते उणे १० अंशाच्या आसपास गोठू शकतं आणि डबा तडकतो. फुल चार्ज बॅटरी मात्र उणे ५० लाही गोठत नाही. गोठलेली बॅटरी चार्जरला लावायची नाही, आधी घरात आणून वितळू द्यायची, आणि डबा फुगला किंवा तडकला असेल तर सरळ नवीन घ्यायची.

उपाय तसे सोपे आहेत. गाडी लावण्याआधी बॅटरी फुल करायची, थोडा वेळ थांबून मीटरने बघायचं, १२.६ च्या वर व्होल्ट आले की झालं, १२.४ च्या खाली दिसले तर परत चार्ज. गॅरेजमध्ये प्लग असेल तर मेंटेनर, म्हणजे कायम लावून ठेवायचा छोटा चार्जर, लावून द्यायचा, बॅटरी भरल्यावर तो स्वतःच १३.५ व्होल्टच्या आसपास येऊन नुसतं टिकवून धरतो, साधा जुना चार्जर मात्र महिनाभर लावून ठेवला तर पाणी उकळून घालवेल. प्लग नसेल तर दहाचा पाना घ्या आणि आधी बॅटरीची मायनस वायर काढा, कारण प्लस काढताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते (जोडताना उलटं, मायनस शेवटी). घड्याळ आणि रेडिओ परत सेट करावे लागतात, तेवढं चालतं.

दर रविवारी दहा मिनिटं गाडी चालू करून ठेवायची जी सवय असते ती मात्र सोडा, स्टार्टर एकदम मोठा करंट खेचतो आणि गाडी उभ्या जागी नुसती चालू असताना अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग) जे देतो त्यातलं ब्लोअर आणि काचेचा हीटर खाऊन टाकतात, वर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते वेगळंच. सिमेंटच्या फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते हेही जुन्या रबरी डब्यांच्या काळातलं, आताच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीने काही होत नाही.

परदेशातली मंडळी पुण्यात पार्किंगमध्ये गाडी सहा महिने सोडून जातात तिथेही हाच हिशोब, फक्त बर्फ नाही, पण एप्रिल-मेच्या उन्हात बॅटरी जास्त जोरात उतरते आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर धक्का मारूनही चालू होत नाही.